झेल्यातला डोंगल

"गेलाऽऽ! गेला गेला गेला! परत गेला मेला! विन्या, बांबू हलवलास काय?"

आवाज खिडकीतून आला. मी अण्णा मयेकरांच्या अंगणात, आंबे काढायचा झेला दोन्ही हातांनी आभाळाकडे धरून उभा होतो. झेल्याच्या जाळीत आंबा नव्हता. अंगठ्याएवढा एक यूएसबी डोंगल होता, त्याच्या डोक्यावर दव पडू नये म्हणून नारळाची करवंटी, आणि त्याची लांबलचक वायर खिडकीतून आत गेलेली. अण्णांच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो की ते ओरडले तेव्हा शेजारच्या कलमावरचे कावळे उडाले, भाट्याच्या खाडीत एका होडीवाल्याने वल्हं थांबवलं आणि पावसच्या एसटीत डुलक्या घेणारा कंडक्टर "उतरा, आलं" म्हणत उठला. हे मी पाहिलेलं नाही. पण अण्णांचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला बाकीचं पाहावं लागत नाही.

"नाय हलवला, अण्णा!" मी ओरडलो.

"मग वारा हलला असेल!"

"वारा पण नाय!"

"मग तू श्वास घेतलास!"

श्वास मी घेतला होता.

आत अण्णांच्या मुलाचा, मुंबईच्या संजयचा, व्हिडिओ कॉल तुटला होता. तो दर रविवारी संध्याकाळी यायचा आणि दर रविवारी मध्येच तुटायचा. आठवडाभर तोच डोंगल मान मोडून काम करायचा. अण्णांच्या बायकोच्या, माईंच्या, मालिका चालायच्या, शेजारणींच्या पाककृती चालायच्या. रविवारी संजयचा चेहरा दिसला की थोड्या वेळाने हा मान टाकायचा. मी त्याला वाकड्या स्वभावाचा डोंगल म्हणायचो. वाकडा कोण होता ते पुढे कळेलच, आणि ते कळेपर्यंत मी जो दिवा लावला त्याची लाज मला अजून वाटते.

अण्णा जन्मभर वनखात्याच्या तपासणी नाक्यावर होते. देवरूखच्या बाजूला, रानातल्या रस्त्यावर एक आडवा बांबू, एक खोली, एक कंदील आणि अण्णा. ट्रक आला की चार प्रश्न: "कुठून आलात? कुठे चाललात? काय घेऊन चाललात? पास?" निवृत्त झाल्यावर नाका तिथेच राहिला, बांबू मात्र अण्णा डोक्यात घालून घरी घेऊन आले. आमच्या वाडीत, कातळाच्या उंच सड्याखालच्या खोलगटीत त्यांचं चिऱ्याचं घर. बाकीच्यांच्या घराला कुंपणात बेडं, म्हणजे साधं फाटक असतं, अण्णांच्या घराला नाका आहे. आडवा बांबू, एका टोकाला दोरीने बांधलेला धोंडा, आणि दुपारची झोप सोडली तर सदैव जागा असलेला जवान.

त्या बांबूने कुणाकुणाला अडवलं नाही? अण्णांच्या सासूबाई एकदा डोक्यावर फणस घेऊन आल्या. "कुठल्या झाडाचा?" इथपासून चौकशी सुरू झाली. ती संपेपर्यंत फणस पिकला, त्याचा वास सुटला आणि गुरं गोळा झाली, असं लोक सांगतात. म्हणजे मीच सांगतो. एकदा नवरदेवाची वरात चुकून त्यांच्या वाटेने आली, तर अण्णांनी घोडा बाजूला घेतला आणि नवऱ्याला विचारलं, "काय घेऊन चाललात?" तो बिचारा म्हणाला, "अजून काही नाही, आणायला चाललोय." "येताना दाखवून जा," अण्णा म्हणाले. मी तर त्यांच्या शेजारी जन्मलो. तरी रोज सकाळी पेपर वाचायला गेलो की बांबूपाशी थांबून "घरून आलो, तुमच्याकडे चाललो, चष्मा घेऊन चाललो" एवढं म्हणावंच लागतं. मग बांबू वर जातो आणि अण्णा म्हणतात, "पास." त्यांच्या तोंडचा तो शब्द ऐकला की मॅट्रिकचा निकाल लागल्यासारखं वाटतं.

आणखी एक. अण्णा खोटं बोलत नाहीत. माईंनी "आमटी कशी झाल्ये?" विचारलं तर ते "गरम आहे" म्हणतात. माझ्या मेव्हण्याने कविता वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, "अक्षर चांगलं असणार." खरं बोलणं अवघड झालं की अण्णा खऱ्याचा असा एखादा कोपरा शोधतात आणि त्यावर एका पायावर उभे राहतात. पण खोट्यात पाय घालत नाहीत.

तर अशा माणसाच्या घरी संजयने फायबरची लाईन घेऊन दिली. सड्याखाली मोबाइलला रेंज नाही. फोन करायचा तर टेकाड चढून सड्यावर जावं लागतं, आणि माईंचे गुडघे त्याला तयार नाहीत. लाईन जोडायला आलेल्या माणसाला अण्णांनी विचारलं, "ह्या वायरीतून घरात काय काय येतं?"

"सगळं येतं काका," तो कौतुकाने म्हणाला. "अख्खं जग येतं!"

झालं. अख्खं जग, बिनपास, घरात!

अण्णा महिनाभर झोपले नाहीत. मग कुठल्याशा व्हिडिओत त्यांना कळलं की जुन्या कॉम्प्युटरचा नाका करता येतो. त्याला फायरवॉल म्हणतात. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट तो थांबवतो, कुठून आलात, कुठे चाललात विचारतो, आणि नियमात बसली तरच आत सोडतो. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यासारखा आणखी एक जगात आहे हे त्यांना उतारवयात कळलं. संजयच्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आला, झोपाळ्याशेजारच्या फळीवर बसला, आणि वाडी त्याला "पेटी" म्हणू लागली. अण्णांनी पेटीत नियम घातले. मोहोराच्या दिवसांत "आकाश निरभ्र" सांगणारं हवामानाचं एक पान ढग आल्याबरोबर कायमचं बंद झालं. "खोटी माहिती देऊन माल नेत होतं." माईंच्या मालिकाही दोन दिवस अडकल्या होत्या. माईंनी चहा अडवला तेव्हा सुटल्या.

अडचण एकच होती. पेटीला वायर कळायची, वायफाय कळायचं नाही. लाईनवाल्याच्या डब्यात वायफाय होतं, पण अण्णांनी ते बंद करून टाकलं. "तो रस्ता नाक्याला वळसा घालून जातो." म्हणून पेटीला डोंगल लावायचा, म्हणजे पेटीने तपासून सोडलेलं तेवढंच डोंगलातून घरभर पसरेल. पहिला डोंगल लावला तर पेटी म्हणाली, ओळखत नाही. अण्णांना राग येईल असं वाटलं होतं. ते खूश झाले. "बघितलंस? ओळख पटल्याशिवाय आत घेत नाय. शिस्त आहे." दुसरा ओळखला, पण तो दुसऱ्याचं वायफाय घ्यायचा, स्वतःचं द्यायचा नाही. "हा जेवणारा आहे, वाढणारा नाय," म्हणून तोही गेला. तिसरा वाढायला लागला. आणि मग ते रविवार सुरू झाले.

इथे मी आलो. मी मत्स्यखात्याच्या कचेरीत कारकून. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढतो, या एका कलेवर वाडीत मी कॉम्प्युटरचा डॉक्टर आहे. कुणी बोलवायच्या आधीच मी नाडी पाहिली. डोंगल तापत होता. "ताप आहे," मी म्हणालो, आणि फळीवर त्याच्याखाली ओला पंचा घडी करून ठेवला. आठवडाभर ठणठणीत, रविवारी गेला. मग मी भिंती ठोकून पाहिल्या. "हे चिरे कसले, किल्ल्याच्या भिंती ह्या! लहरी आत घुसमटतात." लांब वायर आणून डोंगल खिडकीबाहेर काढला, झेल्यात बसवला, वर करवंटी घातली. आठवडाभर इतकं वायफाय पसरलं की गोठ्यातली म्हैससुद्धा कान टवकारून उभी राहायची. रविवारी गेला. मग वीज कमी पडते म्हणून स्वतःची वीज घेणारा जोडणीचा डबा, हब, आणला. मग पेटी त्याला मध्येच झोपवते म्हणून झोपेचा नियम काढला. सोमवार ते शनिवार मी वाडीतून छाती पुढे काढून फिरायचो आणि रविवारी संध्याकाळी ती आत घेऊन घरी यायचो.

रविवारी अण्णा मला आत बसू देत नसत. "तू बाहेरचा पहारा, मी आतला. बांबू धर." मी बांबू धरायचो. आतून संजयचा आवाज यायचा, आंब्याची चौकशी, माईंच्या गुडघ्यांची चौकशी. आणि मग एकदम: "गेलाऽऽ!"

तेवढ्यात फाल्गुन आला. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर येते. मुंबईची पोरं रजा टाकून, भांडून, खोटं आजारी पडून येतात, कारण पालखीला खांदा द्यायचा असतो. आमच्या पालखीचा पुढचा डावा खांदा मयेकरांच्या घराचा. नाक्यावर एक ट्रक बांबू मोडून अंगावर आला तेव्हापासून अण्णांचा खांदा वर होत नाही, म्हणून तो मान संजयकडे आला. आणि संजय काही वर्षं आलेलाच नव्हता. ऐनवेळी भावकीतला कुणीतरी उभा राहायचा.

देवळातल्या बैठकीत गावकार तात्यांनी विषय काढला. शिमग्यात तात्यांचा शब्द शेवटचा.

"अण्णा, संजय येतोय मा?"

"नाय म्हणालेला नाय," अण्णा म्हणाले.

"येतो म्हणालाय?"

"नाय म्हणालेला नाय."

"तसं नको हो. दर वर्षी ऐनवेळी धावाधाव होते. येत नसेल तर मान भावकीत दुसऱ्या घराला देऊया."

"तात्यानू," अण्णा उभे राहिले, "तो नाय म्हणाला की मी स्वतः येऊन सांगेन. अजून म्हणालेला नाय."

सभा हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

त्याच आठवड्यात मला कचेरीत संजयचा फोन आला. "विनूकाका, या रविवारी लाईन तुटू देऊ नका. अण्णांना एक सांगायचंय, आणि दर वेळी नेमकं तिथेच तुटतं."

"मेसेज कर की."

"ते मेसेजवर नाही सांगवत." आवाज जड होता. मला तो आनंदाने जड झालाय असं वाटलं. मी मनातल्या मनात संजयला बढती दिली, नवा फ्लॅट घेऊन दिला, त्यात पाळणासुद्धा बांधला. संजय म्हणाला, मी एक चांगला डोंगल पाठवतो. तो कचेरीच्या पत्त्यावर आला. शनिवारी अण्णा दाढीला गेले. दाढीला गेले की वस्तरा कुठून आला इथपासून ते सुरुवात करतात, म्हणजे मला भरपूर वेळ होता. संजय फोनवरून सूचना द्यायचा, मी सड्यावर चढून त्या घ्यायचो, खाली धावत यायचो, दाबायचो, परत चढायचो. तेवढ्या चढ-उतारात माणूस हिमालय करून आला असता. शेवटी नवा डोंगल पेटीच्या पाठीमागच्या भोकात बसला, जुन्याच नावाने आणि जुन्याच पासवर्डने. जुना आपला झेल्यात तसाच शोभेला राहिला. अण्णांना काही सांगायचं नाही असं मी ठरवलं. लाईन तुटणार नाही, अण्णा चकित होतील, आणि मग मी पुढे येईन.

माई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आता मध्येच नाय ना तुटायचा?"

"माई, आता हत्तीने ओढला तरी नाय!"

त्या नव्या डोंगलाच्या हिरव्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "काढून ठेव रे. जुना काय वाईट आहे?"

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना जुन्याची माया असते. त्यांच्यामागे खुंटीवर इस्त्री केलेला पांढरा सदरा आणि कमरेला बांधायचा शेला टांगलेला होता. सदरा अण्णांच्या मापाचा नव्हता. तो मला दिसला आणि मी पाहिला नाही.

रविवारी मी अर्धी वाडी पडवीत जमवली. "या, आज बघा, मयेकरांचा नाका कसा सुरळीत चालतो!" गावकार तात्यांना तर हाताला धरून आणलं. शुभवार्ता ऐकायला मोठं माणूस हवं. अण्णांनी नाक्यावर सगळ्यांना एकेक करून सोडलं, पण त्यांचा चेहरा मला बरा वाटला नाही.

"विन्या, तू बाहेर बांबू धर."

"आज बांबू नको, अण्णा. आज मी आत."

"बांबू धर सांगतोय!"

"तो खिडकीला बांधलाय." मी खुर्ची ओढून बसलो.

कॉल आला. माई मालिका बघायच्या त्या टॅबमध्ये संजय दिसला, इतका स्वच्छ की त्याच्या कानाजवळचे पिकलेले केस मोजता आले असते. मोहोर कसा आहे, कैऱ्या गळतायत का, माईचे गुडघे कसे आहेत, सगळं झालं. मग तो थांबला. "अण्णा, शिमग्याचं एक बोलायचं होतं..."

अण्णा फळीकडे कलले, जणू चष्मा शोधतायत. त्यांचा हात पेटीमागे गेला आणि झेल्याकडे जाणाऱ्या वायरीचं टोक उपसून बाहेर आलं.

"गेलाऽऽ!" अण्णा पडवीकडे तोंड करून ओरडले. "परत गेला!"

"कोण गेला, अण्णा?" टॅबमधून संजयने विचारलं.

अण्णांनी टॅबकडे बघितलं, मग हातातल्या वायरीकडे. आपल्याच पिशवीत बिनपासाचा माल निघावा तसं. जन्मभर खोटं न बोललेला माणूस रविवारी एकच शब्द खोटा बोलत होता, "गेला", आणि तो मी अर्ध्या वाडीला जमवून, गावकाराला पुढे बसवून पकडून दिला होता. जोवर संजय बोलत नव्हता तोवर "नाय म्हणालेला नाय" हे खरं होतं. त्या खऱ्याला टेकू म्हणून अण्णा ती वायर ओढत होते, आणि मी बाहेर बांबू धरून लहरींची काळजी करत होतो. त्या क्षणी मला कुणी झेल्यात घालून बांबूवर चढवून ठेवलं असतं तरी मी वरूनसुद्धा कुणाकडे बघितलं नसतं.

संजयलाही वायर दिसली असणार. त्याचा आवाज खाली आला. "अण्णा, याही वर्षी नाही जमत. सुट्टी नाही देत. आणि दर वर्षी लोकांना ताटकळत ठेवायचं... मान द्या दुसऱ्या कुणाला. तात्यांना सांगा."

"तात्या इथेच आहेत," अण्णा म्हणाले. "ऐकलं त्यांनी."

मग अण्णांनीच विचारलं, "जेवलास काय?"

"नाही अजून."

"जेव."

त्या दिवशी पहिल्यांदा कॉल तुटला नाही. संपला. लोक उठले, चपला शोधू लागले, दुसऱ्याच्या चपला घालून निघाले. तात्या "बघू अण्णा, नंतर बोलू" असं काहीतरी पुटपुटले. अण्णा नेहमीसारखे उठून बांबू वर करायला गेले नाहीत. लोक वाकून बांबूखालून बाहेर पडले. मीही त्यांच्यातच, सगळ्यात खाली वाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. पेपर वाचायला नाही. बांबूपाशी थांबलो. "घरून आलो, तुमच्याकडे..." एवढं म्हणालो आणि थांबलो, कारण पुढे काय घेऊन आलो ते सांगायला तोंड नव्हतं. अण्णा अंगणात झेल्यावरून वायर सोडवत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. येऊन नुसता धोंड्याकडचा भाग दाबला आणि बांबू वर गेला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या अंगणात बिनचौकशी शिरलो. त्यापेक्षा त्यांनी दोन कानाखाली दिल्या असत्या तर मी आनंदाने घेतल्या असत्या.

माई आत पांढऱ्या सदऱ्याची घडी घालत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चहा ठेवू?" मी मान हलवली. हो की नाही ते मलाच कळलं नाही. त्यांनी ठेवला.

अण्णांनी करवंटी काढून तुळशीच्या कडेला पालथी ठेवली. डोंगल तळहातावर घेऊन फुंकला, पुसला, खिशात टाकला. रिकामा झेला भिंतीला टेकवून उभा केला. आंब्यांचे दिवस जवळ आले होते, तो आता कामाचाच होता. मग झोपाळ्यावर येऊन बसले. फळीवरची पेटी नेहमीसारखी घरघरत होती, आणि तिच्या पाठीमागे माझा तो हिरवा दिवा.

"अण्णा," मी म्हणालो. "तो नवीन काढून नेतो मी. जुना लावून देतो परत, होता तसा. बाहेर बांबू पण धरीन. दर रविवारी धरीन."

अण्णांनी झोपाळ्याला पायाने जरासा झोका दिला. पेटीकडे बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ऐकू स्वच्छ येतं."